फराळाच्या चार दिवसांनी काही होत नाही, मान्य. पण डब्यांचं काय?

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. राग कळला, आणि त्यातला निम्मा पटलाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'यंदा फराळ निम्माच करा, चकलीची भाजणी अर्धा किलोच घ्या' असं मी लिहिलं होतं. त्यावर काकांचं म्हणणं असं: वर्षातून चार दिवस सण, तिथेही तुम्ही कॅलरीचा हिशेब घेऊन बसता. आमच्या आज्यांनी साजूक तुपात तळलेलं खाल्लं, कुणाला शुगर झाली नाही. अर्धा किलो भाजणीत आल्यागेल्याच्या पुढ्यात काय ठेवायचं, आणि हे सगळं 'डाएट चिवडा' विकणाऱ्यांच्या फायद्याचं आहे. शेवटी जाता जाता काकांनी एक ओळ लिहिली आहे, 'मलाही शुगरची एक गोळी चालू आहे, पण मी घाबरत नाही.' त्या ओळीकडे मी नंतर येते.

आधी चार दिवसांबद्दल. इथे तुमचं बरोबर आहे. एक किलो चरबी साठायला साधारण ७,७०० कॅलरी जादा जायला हव्यात. नरक चतुर्दशी ते भाऊबीज रोज सहा-सातशे कॅलरी जास्त खाल्ल्या तरी हिशेब पाव ते पाऊण किलोच्या मध्ये कुठेतरी बसतो, त्यातही खालच्या बाजूला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी काटा दीड-दोन किलो जास्त दाखवतो त्यातलं बरंचसं पाणी असतं. गोड आणि पिठूळ जास्त खाल्लं की यकृत आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, जमतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. चकली-शेवेतलं मीठ आणखी पाणी धरून ठेवतं. आठवडाभर नेहमीचं जेवण सुरू झालं की ते उतरतं. म्हणून त्या दिवशी काट्यावर उभं राहून रडणाऱ्यांना मी काटा आठ दिवस उचलून ठेवायला सांगते.

माझं भांडण पाचव्या दिवसापासून सुरू होतं.

बेसनाच्या लाडवाचं उदाहरण घ्या. अर्धा किलो बेसन, पाव किलो तूप, ४०० ग्रॅम पिठीसाखर. बेसनाच्या साधारण १,९०० कॅलरी, साखरेच्या १,६००, आणि वजनाने सगळ्यात कमी असलेल्या तुपाच्या २,२५०, कारण स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅममध्ये नऊ कॅलरी असतात आणि साखरेच्या एका ग्रॅममध्ये चार. सगळं मिळून पावणेसहा हजार. तीस लाडू वळले तर एकाच्या १९० च्या आसपास, म्हणजे बिनतुपाचे दोन फुलके. त्याला जोड म्हणून एक मध्यम चकली, शंभर-सव्वाशे. दुपारी चारच्या चहाबरोबर एक लाडू आणि एक चकली, हे कुणालाही जास्त वाटणार नाही. मलाही वाटत नाही. पण तुळशीचं लग्न होऊन गेलं तरी डबे संपत नाहीत आणि हा चहा पंचवीस दिवस चालतो. तीनशे गुणिले पंचवीस, साडेसात हजार. जवळजवळ तो अख्खा किलो. शरीर वाण्याच्या वहीसारखं चोख चालत नाही, त्या लाडवामुळे कुणी रात्री पोळी कमी खाईलही. पण आपल्याकडे लाडू 'तोंडात टाकायचा' असतो, जेवणात धरायचा नसतो, म्हणून पोळी कमी होत नाही.

हे फक्त आपल्याकडचंच नाही. अमेरिकेत १९५ जणांची वजनं थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे त्यांच्या नोव्हेंबरातल्या सणाच्या, आधीपासून नववर्षानंतरपर्यंत घेतली होती, तो अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. सरासरी वाढ निघाली ०.३७ किलो. लोकांना स्वतःला वाटत होती त्यापेक्षा कितीतरी कमी. काका, इथपर्यंत तो अभ्यास तुमच्या बाजूचा. पुढचा भाग माझ्या बाजूचा: वाढलेलं ते थोडंसं वजन पुढच्या वर्षभरात उतरलं नाही. आता हे दहा-वीस दिवाळ्यांना गुणा. चाळिशीत पँटचा नंबर बदलतो तेव्हा माणूस 'वयोमानाने' म्हणतो. त्यात वयाबरोबर या न उतरलेल्या पाव-पाव किलोंचाही हात असतो.

आता आज्या. साजूक तुपाची आठवण तुम्ही काढलीत म्हणून विचारते, तुमच्या लहानपणी खरंच सगळा फराळ साजूक तुपात तळला जायचा? माझ्या माहितीतल्या बहुतेक मध्यमवर्गीय घरांत तो डालड्यात व्हायचा. झाडाचं चित्र असलेला तो पिवळा डबा रिकामा झाल्यावर त्यात तुळस लावायचे. त्या वनस्पती तुपात ट्रान्स फॅट, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणारा स्निग्धांश, भरपूर असायचं, जे हृदयासाठी साजूक तुपापेक्षाही वाईट. आपल्याकडे तेला-तुपातल्या त्याच्या प्रमाणावर २ टक्क्यांची मर्यादा जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तेव्हा आज्यांचा फराळ काही आरोग्याचा नमुना नव्हता. तो वर्षातून एकदाच व्हायचा, हे मात्र खरं. साखर रेशनवर, तेल मोजून, भाजणी दळायची तीही एकदाच. शंकरपाळे संपले की संपले, पुढच्या दिवाळीपर्यंत. आज चकली जूनमध्येही कोपऱ्यावरच्या दुकानात लटकलेली असते, आणि आपण दिवाळीत ती अशी खातो जणू वर्षभर दिसलीच नव्हती.

'कुणाला शुगर नव्हती' याबद्दल: रक्त तपासत कोण होतं? पण ते सोडा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत भारतात मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर असल्याचा अंदाज आला. 'मी बारीकच आहे, मला काय होतंय' हेही आपल्याला फार शोभत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मापं छापली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ. म्हणून आपल्या लोकांनी काट्यापेक्षा टेपवर जास्त विश्वास ठेवावा असं मी म्हणते. पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटर आणि बायकांची ८० च्या वर गेली की सावध व्हायचं, वजन काहीही असो.

अर्धा किलो भाजणीत कंजूषपणा कुठे आहे ते मला समजलं नाही. त्याच्या तीसेक चकल्या होतात. आलेल्या माणसाला ताटलीत एक चकली, एक करंजी आणि दोन चमचे चिवडा दिला तर तो उपाशी जात नाही, कारण तो त्या दिवशी आणखी पाच घरं फिरणार असतो आणि मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकतो. उरलेलं कोण खातं? घरातलेच, उभ्या उभ्या, डब्याचं झाकण एका हातात धरून. आणि एक विचारू का? तुमच्या घरी तळायला कोण बसतं? दोन किलोच्या चकल्या तळणाऱ्या बाईला अर्ध्या किलोचा सल्ला कंजूषपणाचा वाटलेला मी अजून पाहिलेला नाही.

डाएट चिवड्याचा आरोप मात्र मला लागला. मी त्याच्या विरुद्धच लिहीत आले आहे. 'तळलेला नाही' असं पाकिटावर ठळक लिहिलेलं असतं, पाकीट उलटं केलं की आत शेंगदाणे, काजू, साखर, पामतेल सगळं हजर. न तळलेला म्हणून माणूस वाटीऐवजी वाडगाभर खातो. गुळाच्या लाडवांचंही तेच. गुळाला चव आहे, पण कॅलरी साखरेच्या जवळपास तितक्याच आणि रक्तातली साखरही तो वाढवतोच. एअर फ्रायरमधली चकली मी खाऊन पाहिली आहे. मोहन कमी घातलं की दात लागतील अशी होते, पुरेसं घातलं की तेल वाचवल्याचा फारसा अर्थ राहत नाही. खरी चकली खा. कमी खा, पण खरी खा.

तळायचीच आहे तर नीट तळा, एवढं सांगते, कारण यातला फरक मोठा आहे. तेल पुरेसं तापलेलं नसेल किंवा कढईत एकदम आठ-दहा चकल्या सोडल्या की तेल थंडावतं, चकली जास्त वेळ आत राहते आणि तेल पिते. शिवाय बरंचसं तेल आत शिरतं ते बाहेर काढल्यावर. गरम असताना आतली वाफ बाहेर ढकलत असते. निवायला लागली की वाफ विरते आणि वरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून झाऱ्यावर दोन क्षण निथळायची, लगेच उभी करून चाळणीत ठेवायची. वर्तमानपत्रावर नाही, शाई पोटात जाते. उरलेल्या तेलात पुढच्या आठवड्यात पुऱ्या तळण्याचा मोह टाळायचा.

आणि परंपरेचंच म्हणाल तर ती सगळी कढईतूनच निघालेली नाही. कोकणात आणि गोव्यात चावदिसाला, म्हणजे नरक चतुर्दशीला, पहाटे कारीट फोडून झालं की पोह्यांचा मान असतो. दुधातले, दह्याताकातले, गूळखोबऱ्याचे, नारळाच्या रसातले, बटाट्याचे. घरोघरी चार-पाच प्रकार. एकमेकांकडे जाऊन खायचे तेही पोहेच. गूळ-खोबरं म्हणजे काही हवा नव्हे, पण ताकातल्या पोह्यांनी पोट भरलं की लाडू एकावर थांबतो. घाटावर आपण त्या सकाळी तळणीचं ताट समोर घेतो आणि वर दुपारी श्रीखंडपुरी. मी इतकंच सुचवते की सकाळचा फराळ हेच जेवण समजायचं. पोटभर, बसून, ताटात वाढून, सोबत ताक किंवा दही, काकडीच्या चार फोडी. दुपारी भूक लागली तर वरणभात, नाही लागली तर नाही.

काट्याचंही एक सांगायचं राहिलं. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये २७२ जणांवर झालेला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. नाताळाच्या दिवसांत निम्म्या लोकांना आठवड्यातून किमान दोनदा वजन करून नोंदवायला सांगितलं. सोबत थोडा सल्ला, आणि अमुक पदार्थ जिरवायला किती चालावं लागेल याची यादी. बाकीच्यांना फक्त एक साधं माहितीपत्रक. पहिल्या गटाचं वजन दुसऱ्यापेक्षा सरासरी अर्धा किलो कमी राहिलं. बाकी काही बंद केलं नव्हतं. तेव्हा पाण्याचे ते आठ दिवस गेले की काटा पुन्हा बाहेर काढा आणि डबे संपेपर्यंत आठवड्यातून दोनदा त्यावर उभे राहा.

आता ती गोळी. काका, तुम्ही घाबरत नाही हे चांगलं आहे, पण लाडू खायचा म्हणून दुपारचं जेवण चुकवू नका. मधुमेहाच्या काही गोळ्या अशा असतात की त्या घेऊन जेवण टाळलं तर साखर एकदम खाली जाते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात. तुमची गोळी त्यातली आहे का, हे दिवाळीआधीच डॉक्टरांना विचारून घ्या. मी वर 'दुपारी भूक नसेल तर नको' म्हटलं ते तुमच्यासाठी नाही. लाडू जेवणाबरोबरच घ्या, रिकाम्या पोटी नको, आणि त्या जेवणातला भात तेवढा कमी करा.

शेवटी तुम्ही उपरोधाने विचारलंत, भाऊबीजेला बहिणीने आग्रह केला तर तिला तुमचा लेख वाचून दाखवू का? नका दाखवू. ताटातली करंजी आनंदाने खा, दुसरी वाढायला आली की 'अर्धी दे' म्हणा, पूर्ण नाही म्हटलं की आग्रह दुप्पट होतो. निघताना ती घरी न्यायला डबा भरायला लागेल. तो मात्र घेऊ नका. 'पुढच्या रविवारी परत येतो, तेव्हा तुझ्याकडेच बसून खाईन' असं सांगा, आणि खरंच जा.