कुत्र्याला माणसांचं सलाईन चालतं, हिशेब मात्र वेगळा

जनावरांच्या सलाईनवरच्या एका लेखात म्हटलंय की जनावरांसाठी ‘वेगळं’ सलाईनच घ्यावं. तसं काही नाही. आरएल (रिंगर लॅक्टेट, क्षारांचं सलाईन) हे आरएलच. लिटरमागे सोडियम १३०, पोटॅशियम ४, क्लोराइड १०९ मिलीइक्विव्हॅलंट, लेबलवर माणूस असो की म्हैस. मुंबईतल्या बहुतेक पेट क्लिनिकमध्ये माणसांचीच ५०० मिलीची बाटली टांगलेली दिसते. एनएस (नॉर्मल सलाईन, म्हणजे मिठाचं पाणी), आरएल, ५ टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं पाणी) यांच्या कमाल किमती सरकार ठरवतं. त्यामुळे नुसतं ‘व्हेटर्नरी’ छापलंय म्हणून जास्त पैसे मोजू नका.

खरी चूक प्रमाणात होते. १० किलोचा कुत्रा, ८ टक्के डिहायड्रेशन (वजनाच्या ८ टक्के पाणी कमी): तूट ८०० मिली, रोजची गरज साधारण ५००. म्हणजे २४ तासांत १३००, शिवाय उलटी-जुलाबातून जाईल ते वेगळं. २० थेंबांच्या सेटवर (२० थेंब म्हणजे १ मिली) मिनिटाला १८ थेंब. मांजराला ६० थेंबांचा मायक्रो सेटच लावा, नाहीतर बाटली भसकन रिकामी होते आणि फुप्फुसात पाणी भरतं. डेक्स्ट्रोज कातडीखाली देऊ नका. रक्त चढवत असलेल्या नळीत आरएल नको, त्यातल्या कॅल्शियममुळे गुठळ्या होतात. आणि हवेसाठी बाटलीच्या बुडाला सुई टोचायची सवय (सर्रास दिसते!) म्हणजे जंतूंना आवतण.

गोरेगावच्या तबेल्यातल्या ५०० किलोच्या म्हशीची याच हिशेबाने नुसती तूटच ४० लिटर, म्हणजे ८० बाटल्या! म्हणून तिथे ७.२ टक्के हायपरटॉनिक (रक्तापेक्षा जास्त खारट) सलाईन किलोला ४ मिली, आणि लगेच पोटात नळीने भरपूर पाणी.