सिंथ निवडताना ट्यूनिंगही बघा

अँबियंट, म्हणजे संथ, वातावरण उभं करणारं संगीत करायचं तर आधी महागडा सिंथ (इलेक्ट्रॉनिक आवाज घडवणारं सॉफ्टवेअर) विकत घ्या, असं सिंथ निवडण्यावरच्या एका लेखात म्हटलंय. मला ते पटत नाही. सर्ज हा सिंथ २०१८ मध्ये मुक्तस्रोत झाला आणि आजचा सर्ज एक्सटी पूर्ण मोफत आहे. व्हायटल या दुसऱ्या सिंथच्या मोफत आवृत्तीतही आवाज घडवणारं इंजिन तेच असतं, प्रीसेट (तयार आवाज) तेवढे कमी.

लेखात राहून गेलेली गोष्ट म्हणजे ट्यूनिंग. लांबलचक ड्रोनवर (सतत धरून ठेवलेल्या सुरावर) कीबोर्डचा गंधार कानाला टोचतो, कारण तो तानपुऱ्यात ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट (सेंट म्हणजे कीबोर्डवरच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढा असतो. सर्ज एक्सटीत स्कालाची, म्हणजे स्वरांमधली अंतरं लिहिलेली फाइल टाकून तो उतरवता येतो. पहिल्यांदा तसा सा-ग धरून ठेवला तेव्हा मी बराच वेळ नुसता ऐकत बसलो होतो!

दुसरं, लॅपटॉपवरचा भार. आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो. त्यात युनिसनचे (एकाच सुरावर एकत्र वाजणारे) आठ-आठ आवाज आणि लांब रिलीज (पट्टी सोडल्यावरही सूर रेंगाळणं) लावला की पंखा ओरडतो, आवाज तुटतो. मी ट्रॅक फ्रीझ करतो, म्हणजे भार कमी व्हावा म्हणून तो आधीच ऑडिओत उतरवून ठेवतो; मिक्सिंग रात्री कूलर बंद करून. म्हणून घेण्याआधी डेमो आपल्याच मशीनवर, भर दुपारी चालवून बघा.