‘द स्पाय गॉन नॉर्थ’मधला शत्रू सीमेपलीकडे नाही

‘द स्पाय गॉन नॉर्थ’ या 2018 च्या कोरियन चित्रपटाबद्दल एक मत हातोहात फिरतंय. दक्षिण कोरियाचा शूर हेर शत्रूच्या, म्हणजे उत्तर कोरियाच्या, गोटात घुसतो आणि देशाची लाज राखतो. सगळं जसंच्या तसं घडलेलं आहे. फक्त गोळीबार नाही म्हणून जरा रटाळ. मला हा चित्रपट फार जवळचा वाटतो, आणि यातलं एकही वाक्य मला पटत नाही.

रटाळपणाचं आधी उरकून टाकतो. दिग्दर्शक युन जोंग-बिन यांनी पिस्तुलाचं काम संवादांवर सोपवलंय. उत्तरेचा तेव्हाचा सर्वेसर्वा किम जोंग-इल याच्या भेटीचा प्रसंग आठवा. अवाढव्य दालन, भिंतीशी श्वास रोखून उभी असलेली माणसं, आणि तिथे मोकळेपणाने वावरणारा जीव एकच, किमचा छोटासा पांढरा कुत्रा. व्यापाऱ्याच्या वेषातल्या हेराच्या तोंडून एक शब्द इकडचा तिकडे झाला तर तो तिथून परतणार नाही, हे आपल्याला ठाऊक असतं. माझे तळहात ओले झाले होते.

आता मुख्य मुद्दा, शत्रू कोण. पहिला तासभर आपणही उत्तरेकडेच बोट दाखवत असतो. मग 1997 ची अध्यक्षीय निवडणूक जवळ येते, विरोधी पक्षाचे किम दे-जुंग पुढे असतात, आणि दक्षिणेच्या सत्ताधारी गोटातली माणसं बीजिंगमध्ये उत्तरेच्या अधिकाऱ्यांपुढे पैसे ठेवतात: मतदानाआधी सीमेवर काहीतरी घडवा. हेर हे ऐकतो. ज्या गुप्तचर संस्थेसाठी त्याने जीव धोक्यात घातला, तिलाच किम दे-जुंग निवडणूक जिंकू नयेत असं वाटत असतं. याला ‘देशाची लाज राखणं’ म्हणणाऱ्याने उत्तरार्ध पाहिलाच नसावा.

हे पटकथाकाराच्या डोक्यातून आलेलं नाही. कोरियात याला शब्दच आहे, ‘पुकफुंग’, म्हणजे उत्तरेचा वारा. निवडणुकीच्या तोंडावर उत्तरेची भीती दाटली की मतं सत्ताधाऱ्यांकडे झुकतात. 1987 मध्ये कोरियन एअरचं विमान बॉम्बने उडवणाऱ्या उत्तरेच्या हस्तक बाईला सोलमध्ये आणलं गेलं ते 15 डिसेंबरला. मतदान होतं 16 ला. 1996 च्या एप्रिलमध्ये संसदेच्या निवडणुकीला आठवडाही उरला नव्हता, तेव्हा उत्तरेचे सशस्त्र सैनिक सीमेवरच्या निर्लष्करी पट्ट्यातल्या पानमुनजोममध्ये शिरले. 1997 मध्ये बीजिंगला जाऊन गोळीबाराची मागणी केल्याबद्दल पुढे तिघांवर खटला चालला. किम दे-जुंग यांच्यावर उत्तरेचा पैसा घेतल्याचे आरोप करणाऱ्या पत्रकार परिषदा घडवून आणल्याबद्दल गुप्तचर संस्थेचे प्रमुख क्वॉन यंग-हे यांना शिक्षा झाली. किम दे-जुंग ती निवडणूक जिंकले, पण फरक होता जेमतेम 3 लाख 90 हजार मतांचा. इतक्या काठावरच्या निकालात सीमेवरच्या एका चकमकीने काय केलं असतं, याचा विचार करून पाहा.

आणि उत्तरेचं चित्रण? दुष्काळात उपाशी मेलेली माणसं चित्रपट लपवत नाही, किम जोंग-इलचा दरारासुद्धा नाही. पण री म्योंग-उन हा उत्तरेचा अधिकारी (ली सुंग-मिन यांचं काम बघत राहावं असं आहे) स्वतःच्या लोकांची भूक बघून व्यापाराची वाट शोधणारा माणूस आहे. त्याला खलनायक म्हणवत नाही.

राहिलं ‘जसंच्या तसं’. नायकामागे खरा माणूस आहे: पार्क चे-सो, सांकेतिक नाव ब्लॅक व्हीनस, उत्तरेत जाहिराती चित्रित करण्याच्या निमित्ताने शिरलेला. पडद्यावर तो पार्क सोक-यंग होतो. नावच बदललंय तिथे संवाद आणि प्रसंग रचलेले असणारच. 1998 मध्ये संस्थेची कागदपत्रं फुटली आणि त्याची ओळख उघडी पडली, इथवर चित्रपट येतो. शेवट होतो 2005 मधल्या जाहिरातीच्या चित्रीकरणापाशी. दक्षिणेची गायिका ली ह्योरी आणि उत्तरेची नर्तकी जो म्योंग-ए यांची सॅमसंगच्या फोनची ती जाहिरात खरोखर झाली होती. तिथे पार्क आणि री हे दोघे जुने मित्र लांबूनच एकमेकांना पाहतात. एकाने मनगटावरचं घड्याळ दाखवावं, दुसऱ्याने टायपिन. शब्द एकही नाही. मी दरवेळी इथे रडतो.

खरा पार्क मात्र 2010 मध्ये पकडला गेला, त्याच्या स्वतःच्या देशात, राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली. आरोप होता उत्तरेला लष्करी माहिती पुरवल्याचा. सहा वर्षं कैद झाली, 2016 मध्ये तो सुटला. ‘शूर हेराची सत्यकथा’ म्हणून हा चित्रपट पुढे पाठवताना ही सहा वर्षंही सोबत पाठवा.