वेम्बली? ते तर तिथलं उल्हासनगर!

आज दुपारी एका परिचितांकडे केळवणाला गेले होते. मसालेभात वाढला जात असताना कोणीतरी माझ्या लंडनच्या मुक्कामाची चौकशी केली आणि मी उत्साहाने सांगू लागले की तीन आठवड्यांत जे काही पाहिले त्यात वेम्बली माझ्या मनात घर करून राहिले आहे. त्यावर समोरच्या पानावरचे एक सुशिक्षित, दोनदा युरोप पाहून आलेले गृहस्थ हसून म्हणाले, “वेम्बली? अहो, ते तर तिथलं उल्हासनगर! लंडनला जाऊन ते कशाला बघायचं?” सगळी पंगत हसली. कल्याणात, उल्हासनगरापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर बसून, सगळी पंगत हसली. मी जिलबी संपवली आणि गप्प राहिले. घरी आल्यापासून त्या गप्प राहण्याचाच मला राग येतो आहे, म्हणून हे लिहिते आहे.

माझा भाचा वेम्बली पार्क स्थानकाजवळच्या नव्या टोलेजंग इमारतींपैकी एकीत राहतो. त्याच्या खिडकीतून स्टेडियमची ती प्रसिद्ध कमान दिसते, 133 मीटर उंच, रात्री दिव्यांनी उजळणारी. रस्त्यातल्या खांबांवर ‘इव्हेंट डे’च्या पाट्या असतात आणि त्या दिवशी परवान्याशिवाय गाडी उभी करता येत नाही, म्हणजे गावाचे पंचांगच सामन्यांवर आणि संगीताच्या कार्यक्रमांवर चालते. मी गेले तेव्हा मे महिन्याचा शेवट होता आणि प्लेऑफचा अंतिम सामना होता. मला फुटबॉलमधले काही कळत नाही. मी कोथिंबीर आणि पातळ पोहे आणायला एकटीच ईलिंग रोडला, म्हणजे वेम्बलीतल्या भारतीय दुकानांच्या रस्त्याला, गेले होते, आणि परतताना रंगीत सदरे घातलेल्या, गाणी म्हणत येणाऱ्या त्या लोंढ्यात अशी सापडले की गुडघ्यांनी संपच पुकारला. मी एका दुकानाच्या दाराशी भिंतीला टेकून उभी राहिले. पूजेचे साहित्य आणि स्टीलची भांडी विकणारे लहानसे दुकान होते. आतून एक ऐंशीच्या पुढच्या बा आल्या, त्यांनी स्वतः बसलेले लाकडी स्टूल माझ्यासाठी सरकवले आणि म्हणाल्या, “बेसो, बेन.” स्टूल एकच होते. त्या गल्ल्याला टेकून उभ्या राहिल्या.

मी तिथे पाऊण तास बसले. त्या गुजरातीत बोलत होत्या, मी मराठीत, आणि दोघींचे कुठे अडले नाही. बा म्हणाल्या की पन्नास वर्षे त्या स्टेडियमच्या शेजारात राहत आहेत, पण आत एकदाही पाऊल टाकलेले नाही. मात्र वारा या बाजूचा असला की आवाजावरून गोल झाला की हुकला ते त्यांना कळते. गोलाचा आवाज एकदम फुटतो, हुकलेल्याचा चढत जाऊन बसतो. त्या हाताने तो चढउतार दाखवत होत्या.

आता त्या गृहस्थांकडे वळते. त्यांना वेम्बली म्हणजे काय वाटते? स्टेडियमसमोर उभे राहून काढलेले छायाचित्र चालते, पण त्या छायाचित्राच्या चौकटीबाहेर चालत जाण्याच्या अंतरावर साडीची, सोन्याची आणि फाफड्याची दुकाने दिसली की नाक मुरडायचे. मला विचाराल तर ही दोन गावे नाहीतच. ते स्टेडियम ज्या जागेवर उभे आहे तिथे 1924 साली ब्रिटिश साम्राज्याचे भव्य प्रदर्शन भरले होते आणि त्यात भारताचे पांढरेशुभ्र, घुमटांचे दालन होते. म्हणजे आपली कला, आपला कापूस, आपले मसाले तिथे दिमाखात मांडायला आणले होते. माणसे तेवढी मागाहून आली. मालाचे कौतुक करायचे आणि माल पिकवणाऱ्या माणसांची नातवंडे शेजारी राहायला आली की त्याला ‘उल्हासनगर’ म्हणून हिणवायचे, हा कुठला न्याय? इंग्रजांनी तसे केले तर समजू शकते, पण आपणही?

भाच्याला स्टेडियमची सगळी चरित्रे पाठ आहेत. 1923 साली पहिल्याच अंतिम सामन्याला क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त लोक आत घुसले आणि पांढऱ्या घोड्यावरच्या एका पोलिसाने मैदान मोकळे केले. आज तिथल्या पादचारी पुलाला त्या घोड्याचेच नाव आहे. 1966 साली इंग्लंडने पश्चिम जर्मनीला 4-2 असे हरवले, 1990 साली तुरुंगातून सुटलेले मंडेला तिथल्या व्यासपीठावर उभे राहिले, हे सगळे त्याने मला चालता चालता सांगितले. मी त्याला विचारले, “आणि 1948?” तो गप्प. स्वतंत्र भारताचे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक, हॉकीतले, त्याच्या खिडकीसमोर, त्याच जागेवरच्या जुन्या स्टेडियममध्ये जिंकले गेले, हे त्याला ठाऊक नव्हते. तारीख 12 ऑगस्ट, स्वातंत्र्याला वर्ष पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी, समोर ब्रिटनचाच संघ, आणि निकाल 4-0. बलबीरसिंगांनी त्यांतले दोन गोल केले. लिओ पिंटो आणि वॉल्टर डिसूझा तर आपल्या मुंबईहून त्या संघात गेलेले. त्याच ऑलिंपिकमध्ये गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत सहावे आले होते. कुस्त्या वेम्बलीत नव्हत्या, अर्ल्स कोर्टला होत्या, हे मान्य. पण मुलांनो, ज्या घराचे इतके भाडे भरता त्याच्या खिडकीतून काय दिसते आहे, ते एकदा तरी विचारून घ्या.

पुन्हा त्या स्टुलाकडे येते, कारण मला राहवत नाही. बा नवसारीकडच्या. लग्न होऊन मुंबईहून ‘करंजा’ बोटीने आफ्रिकेला निघाल्या. बोट सुटेपर्यंत तीन दिवस काळबादेवीला एका नातेवाइकांकडे उतरल्या होत्या, आणि तेवढीच त्यांची मुंबई. त्यांनी मला विचारले की काळबादेवीची ट्राम अजून तशीच खडखडते का. मी सांगितले की मुंबईची ट्राम 1964 सालीच बंद झाली. त्या थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या, जणू काही मीच ती बंद केली होती.

युगांडात कंपालाला त्यांचे कापडाचे दुकान होते. ऑगस्ट 1972 मध्ये तिथला हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत चालते व्हायला सांगितले. सुमारे 28,000 माणसे ब्रिटनला आली, आणि बरोबर पन्नास-पंचावन्न पौंडांपलीकडे रोख रक्कम आणायची मुभा नव्हती. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या नगरपालिकेने तर युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन ‘आमच्याकडे येऊ नका’ असे कळवले होते. बांना हे सगळे माहीत होते, पण त्यांनी सांगितले ते वेगळेच. विमानातून उतरल्यावर थंडीत कुडकुडताना मदतीला आलेल्या एका बाईने त्यांच्या अंगावर कोट चढवला, तो पुरुषाचा होता, घोट्यापर्यंत येणारा, आणि पुढची दोन वर्षे त्यांनी साडीवर तोच वापरला. पुढे मुलगा कमावता झाला आणि त्याने नवा कोट आणला, तर त्यांना तो तोकडा वाटू लागला. हे सांगताना त्या इतक्या हसल्या की गल्ल्याचा आधार घ्यावा लागला.

आता थोडे शांतपणे लिहिते. ईलिंग रोड स्वच्छ आहे असे मी म्हणणार नाही. पानाच्या पिचकाऱ्या तिथेही आहेत आणि त्याची लाज मलाही वाटली. पण तेवढ्याच रस्त्यावर कोरीव दगडांचे सनातन मंदिरही आहे, 2010 साली उघडलेले, आणि त्याच्या पायऱ्यांवर बसून मी जितकी शांत झाले तितकी कुठल्याही राजवाड्यासमोर झाले नाही.

आणि आपल्या लोकांबद्दल एक सांगायलाच हवे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ 1932 सालचे, आणि त्याची वास्तू डॉलिस हिलला आहे, वेम्बली पार्कपासून दोन स्थानकांवर. त्या गृहस्थांना मंडळाचा गणेशोत्सव पाहिल्याचा मोठा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण त्याच डॉलिस हिलमध्ये ग्रन्विक नावाचा छायाचित्रे धुण्याचा कारखाना होता, आणि 1976 च्या ऑगस्टमध्ये जयाबेन देसाई नावाच्या चणीने लहानशा गुजराती बाई तिथून काम टाकून बाहेर पडल्या. त्यांच्या मागे आलेल्या बहुतेक बायका पूर्व आफ्रिकेतून आलेल्याच होत्या, ‘अशा’ वस्तीतल्याच. साड्या नेसून, वर कोट चढवून त्या जवळजवळ दोन वर्षे दाराशी उभ्या राहिल्या, आणि देशभरातले गोरे खाणकामगार त्यांच्या पाठिंब्याला आले. संप हरला. मागण्या मान्य झाल्या नाहीत. पण त्यानंतर आपल्या बायकांना कोणी मुकाट्याने राबणाऱ्या समजण्याची हिंमत केली नाही, असे मला वाटते, आणि कोणाला वाटत नसेल तर मला त्याच्याशी वाद घालायचा नाही. मंडळात बटाटेवडा खाऊन परतताना कधी ती रस्त्याची बाजू कोणी पाहिली आहे का, एवढेच विचारते.

खरे सांगायचे तर स्टुलाची गोष्ट मी पूर्ण सांगितलेली नाही. शेवटच्या दहा मिनिटांत बा वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंबद्दल बोलू लागल्या. रुमानियाची माणसे आहेत, एका खोलीत पाच जण राहतात, रात्री जिन्यात मोठ्याने बोलतात, या नव्या लोकांमुळे गाव बिघडले. मी ऐकत राहिले. पुरुषाचा कोट घालून उतरलेली बाई हे बोलते आहे याचे मला वाईट वाटले, आणि तरीही मी स्टुलावरून उठले नाही, कारण गुडघे दुखत होते आणि बाई मला आवडली होती.

दुसरीही एक गोष्ट लपवली आहे. पहिल्या दिवशी भाच्याबरोबर ईलिंग रोडवर पाऊल ठेवताच, पुतळ्यांना नेसवलेल्या साड्या आणि पदपथावर मांडलेली आंब्यांची खोकी पाहून, माझ्याच तोंडून निघाले होते, “अरे, हे तर आपलं उल्हासनगरच की!” भाचा हसला, मीही हसले. म्हणून आज ते वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना चपराक बसावी तसे झाले.

आम्ही लहान असताना उल्हासनगरच्या मालावर ‘मेड इन यूएसए’ असा शिक्का असतो आणि त्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा आहे, हा विनोद घराघरांत चालायचा. फाळणीनंतर लष्कराच्या रिकाम्या बराकींमध्ये आणून ठेवलेल्या माणसांनी तिथे शहर उभे केले, 1949 साली त्याला नाव मिळाले, आणि आजही पत्ता सांगताना तिथले लोक ‘कॅम्प नंबर तीन’ असे सांगतात, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. विनोद तेवढा सांगितला. माझ्या लग्नाचा शालू दादरचा होता असे मी पस्तीस वर्षे सांगत आले आहे. तो उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधून घेतलेला होता. उत्तम निघाला, अजून आहे.

उठता उठता स्टेडियमच्या बाजूने आवाज आला. मला तो नुसता गलका वाटला. बांनी हात वर नेला, क्षणभर तसाच धरला आणि खाली आणला. “गयो,” त्या म्हणाल्या. हुकला होता. रात्री भाच्याने ते खरे असल्याचे सांगितले.

पंगतीतले ते गृहस्थ ऑगस्टमध्ये मुलीकडे लंडनला जाणार आहेत. उद्या सकाळी मी त्यांच्या घरी जाऊन दुकानाची खूण कागदावर लिहून देणार आहे आणि बांसाठी भाजणीच्या चकल्यांचा डबाही. नाही म्हणणार नाहीत, भिडस्त आहेत. सामन्याच्या दिवशी जा, असेही सांगणार आहे. मात्र स्टूल एकच आहे.