कारवार घोषणेत आहे, समुद्र मात्र डोक्यात नाही

बेळगाव, कारवार, बिदर, भालकी, निपाणी ही सीमालढ्याच्या घोषणेतली नावं आपल्या बेळगाव भागात बारकी पोरंसुद्धा एका दमात म्हणून दाखवतात. पण दुसरं नाव घेताना कुणाच्या डोळ्यासमोर समुद्र येतो काय? आपल्या लेखी कारवार म्हणजे बाजारात आलेला बांगडा, लई तर डिसेंबरातली एक ट्रिप.

परवा कट्ट्यावर शिडाच्या बोटींच्या रेसचा विषय निघाला तर एकजण म्हणतोय, "समुद्र कुठला रे आपल्याकडं, काय बोलूलास?" अरे बाबा, आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावलेल्या नदीच्या नावाची बोट जगाला वळसा घालून आलीय! म्हादेई म्हटलं की आपल्याला कळसा-भांडुराचा पाणीतंटा आणि त्याचं ट्रिब्युनल एवढंच आठवतं. नेव्हीची 'म्हादेई' ५६ फुटी, गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली, म्हणजे त्याच नदीच्या खालच्या अंगाला. कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून ती घेऊन एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये परत आले, असं करणारे पहिले भारतीय. मग २०११ ला हीच बोट केपटाऊन ते रिओ रेसमध्ये उतरली, आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी तिच्यातून कुठंही न थांबता फिरून आले. या सगळ्याच्या मागं लागलेले व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी राहायला कुठं होते, तर फलटणजवळ विंचुर्णीला. तिथून समुद्र आपल्यापेक्षा काही जवळ नाही.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. यॉट रेसिंगचा वारसा म्हटला की आपल्याकडं क्लबांचा इतिहास सांगतात, रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा वगैरे. बरोबर आहे, साहेबानं खेळ आणला, ट्रॉफ्या आणल्या. पण वारा काय साहेबानं आणला? कारवारच्या किनाऱ्यावरचे गाबीत, खारवी, हरिकंत्र हे मच्छीमार पिढ्यानपिढ्या शिडावर जगले. आपण शाळेत मतलई वारे आणि खारे वारे दोन मार्कांसाठी पाठ केले, ते लोक पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडून दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचे. पुढं इंजिनं आली, शिडं गेली, आणि तांडेलाचा, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याचा, नातू आता डिझेलच्या भावावर बोलतो. त्याला दोष नाही, पोट आहे.

पण रेस बघा एकदा नीट. स्टार्टच्या पाच मिनिटं आधी झेंडा चढतो, बोटीला ब्रेक नसतो, सगळे लाइनच्या मागं शीड ढिलं सोडून घुटमळत असतात आणि शून्याला बरोबर लाइनीवर वेगात यायचं असतं. एक सेकंद आधी गेलात तर मागं या. वाऱ्याच्या तोंडावर बोट सरळ जातच नाही, तिरकी तिरकी काढत न्यावी लागते, आणि कुठल्या बाजूला वारा वळणार हे पाण्यावरच्या काळपट सुरकुत्या बघून ओळखायचं. हे ज्याच्या घरातच होतं त्याचा पोरगा किनाऱ्यावर जाळी विणत बसतो आणि बोटीत बसतो तो फी भरणाऱ्याचा पोरगा. मला तरी हे पटत नाही.

बरं समुद्रच पाहिजे असंही नाही. नेहा ठाकूर मध्य प्रदेशातल्या देवासची, शेतकऱ्याची मुलगी, भोपाळच्या तलावात शिकली. २०२३ च्या एशियाडमध्ये आयएलसीए-४ या एकट्यानं चालवायच्या छोट्या शिडाच्या बोटीच्या प्रकारात सिल्वर! ११ रेस झाल्या. या खेळात पहिल्याला १ पॉइंट, दुसऱ्याला २, असं करत ज्याचे कमी तो वर, आणि सगळ्यात वाईट रेस वजा करतात. तिचे वजा करून २७. हैदराबादेत हुसेन सागरवर तर नॅशनल लेव्हलच्या रेस होतात. आणि आपल्याकडं हिडकल धरणाचं एवढं पाणी पडलंय, तिथं आपण काय करतो, कणसं खातो आणि सेल्फी काढतो. (राकसकोपचं नाव काढू नका, ते बेळगावचं प्यायचं पाणी आहे.)

लहान मुलांच्या ऑप्टिमिस्ट बोटी असतात, आठ फुटांच्या आत, साधारण ३५ किलोच्या, टेम्पोतून दोन-चार सहज येतील. बेळगावात कुस्तीला, क्रिकेटला स्पॉन्सर मिळतात, ह्याला का नाही? आणि शिकवायला कारवारच्या एखाद्या जुन्या तांडेलाला बोलवा, मानधन द्या, नुसता शाल-नारळ नको. रेसचे नियम आर्मीतनं रिटायर झालेला कोणी सांगेल, वारा तांडेलाला सांगू दे.

कुणाची हिडकल बाजूला ओळख असेल तर परमिशन कोण देतं तेवढं कमेंटमध्ये टाका, बाकी मी बघतो.