रविवारी बंद असतो रे, बंद!

काल संध्याकाळी नागपूरच्या टूरवाल्याची पीडीएफ आली, आमच्या स्कॉटलंडच्या गोल्फ सहलीची. आमच्या गावात रेंज फक्त गच्चीवर, म्हणून पाण्याच्या टाकीला टेकून उभ्याउभ्या उघडली. पाचवा दिवस, रविवार: सेंट अँड्र्यूज, ओल्ड कोर्सवर गोल्फ, कन्फर्म.

रविवारी! ओल्ड कोर्स रविवारी बंद असतो. त्या दिवशी गावातले लोक तिथं कुत्री फिरवतात. त्या टूरवाल्या पोराला तीनदा सांगितलं, कागदावर लिहून लाल पेनानं गोल केला. तरी कन्फर्म? कोणी केलं रे कन्फर्म? तिथं बॅलट, म्हणजे नावांची सोडत असते. दोन दिवस आधी नावं टाकायची, निघाली तर खेळायचं. म्हणून म्हटलं होतं, चार रात्री सेंट अँड्र्यूजलाच ठेव, म्हणजे रोज नावं टाकता येतील. यानं ठेवली एक. शनिवारची! बाकीच्या एडिनबरात, "काकूंच्या शॉपिंगसाठी". काकू येणारच नाही आहेत. आम्ही चौघं फौजेतले मित्र चाललोय.

अन् क्रेल, एली, लंडिन, लेव्हन हे बाकीचे कोर्स कुठं गेले? सेंट अँड्र्यूजच्याच फाइफ भागात, एकाच किनाऱ्यावर आहेत सगळे. एलीला पहिल्या टीसमोर, म्हणजे जिथून पहिला चेंडू मारायचा त्या जागेसमोर, टेकाड आहे, पलीकडचं काही दिसत नाही. म्हणून तिथं पाणबुडीचा पेरिस्कोप लावलाय. त्यातून बघायचं, पुढचे लोक हलले की मारायचं. मेसमध्ये एका साहेबांनी त्याचा फोटो दाखवला होता, तेव्हापासून मनात धरून बसलोय. ते सगळं खोडून यानं टाकलं ग्लेनईगल्स. असेल नावाजलेलं, पण ते समुद्रापासून आत, पर्थशरमध्ये. लिंक्स नाहीच ते! फोन केला तर म्हणतो, "डोन्ट वरी काका, गवत सगळीकडं सारखंच."

सारखंच? उद्या संत्र्याचा आंबिया अन् मृग बहारही सारखाच म्हणशील. लिंक्स म्हणजे समुद्र अन् शेतं यांच्यामधली वाळूची पट्टी. पाऊस पडला की झिरपून जातो, जमीन टणक राहते, चेंडू पडला की पळतो. वारा असा की चेंडू जमिनीलगत, खालूनच काढावा लागतो. तूर निघाली की मी रिकाम्या वावरात रोज सकाळी तेवढाच एक शॉट घोटतोय. आमच्या काळ्या मातीत चेंडू पळत नाही, तरी घोटतोय. ते काय ग्लेनईगल्ससाठी?

ब्रिटनच्या व्हिसाच्या वेळीही याच पोरानं रडवलं होतं. "काका, आयटीआर पाठवा." अरे बावा, शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, संत्र्याचं आयटीआर कुठून आणू? मग सातबारा दिला. तो मराठीत. व्हिसावाल्यांना कागद इंग्रजीत नाहीतर वेल्शमध्ये लागतात. हे मला सांगितलं कधी? नागपूरची व्हिसाची तारीख दोन दिवसांवर आली तेव्हा. भाषांतरासाठी दोन खेपा, एसटीनं, भर मे महिन्यात. बँकेतला साहेब तर विचारत होता, "या वयात काहून जाता एवढ्या दूर?" तुम्ही स्टेटमेंटवर शिक्का मारा ना.

आंबियाच्या पैशातून अॅडव्हान्स दिलाय, चौघांचा. रात्री पुन्हा फोन केला तर "नॉन रिफंडेबल आहे काका" म्हणून त्यानं ठेवूनच दिला. उद्या पहिल्या गाडीनं नागपूरला चाललोय. लाल गोलाच्या कागदाची झेरॉक्स माझ्याकडं आहे. रविवार खोडून, चार रात्री लिहून, क्रेल अन् एली परत आल्याशिवाय त्याच्या खुर्चीवरून उठणार नाही.