‘रेडिओ दुरुस्त न करताच परत दिला’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की वडिलांचा वर्ल्डस्पेस रेडिओ (उपग्रहावरून लागणारा) आम्ही दुरुस्त न करताच परत दिला, वर तपासणीचे पैसे घेतले, आणि दुसरा एक दुकानदार नवा अँटेना लावून तो चालू करून द्यायला तयार आहे. त्या अँटेनावर कृपया पैसे घालू नका. मुख्यतः त्यासाठीच हे लिहितोय.

तुमचा सेट बिघडलेला नाही. सप्लाय ठीक आहे, डिस्प्ले लागतो, अँटेनाची वायर कुठे तुटलेली नाही. गच्चीवर नेऊन अँटेना पूर्व-आग्नेयेला धरला, तरी सिग्नलची पट्टी हलली नाही. तिकडून आता काही येतच नाही.

विविध भारतीसारखा हा जवळच्या टॉवरवरून लागणारा रेडिओ नव्हे. जमिनीवरच्या केंद्रातून कार्यक्रम एशियास्टार उपग्रहाकडे जायचे. तो विषुववृत्तावर 105 अंश पूर्व रेखांशाला, सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर. तिथून एल बँड या रेडिओलहरींच्या पट्ट्यात, 1467 ते 1492 मेगाहर्ट्झवर, ते थेट घरातल्या सेटवर यायचे. डीटीएचचं चित्र जोराच्या पावसात अडकतं, तसं याचं होत नसे. एल बँडला पावसाचा फारसा त्रास नाही. भिंत किंवा दाट झाड मात्र आड यायचं, म्हणून तो चपटा अँटेना खिडकीत ठेवावा लागे. पुष्कळ चॅनल एकाच डिजिटल प्रवाहात यायचे, सेट त्यातून हवा तो निवडायचा, आणि वर्गणीचा चॅनल वर्गणी चालू असेल तरच वाजायचा.

भारतातली ही सेवा 31 डिसेंबर 2009 ला बंद झाली. मग अँटेना कितीही भारी आणा, तो पकडणार काय?

तपासणीचा दर काउंटरवरच्या पाटीवर आहे आणि सेट उघडण्याआधी तुम्हाला सांगितलाही होता. उघडून, मीटर लावून पाहायचं काम झालंय, त्यामुळे ते पैसे परत देता येणार नाहीत.

वडील ‘गंधर्व’ चॅनलवर शास्त्रीय गाणं ऐकायचे, असं तुम्हीच बोलता बोलता म्हणालात. आकाशवाणीची ‘रागम’ वाहिनी पूर्णपणे शास्त्रीय संगीताची आहे, मोबाइलवर न्यूजऑनएअर ॲपमध्ये लागते. सेटबरोबरचे स्पीकर अजून खणखणीत आहेत. ते घेऊन या, मोबाइलला जोडायची केबल लावून देतो, त्याचे पैसे नकोत. जमलं तर वडिलांनाही आणा. आवाज त्यांच्या कानाला पटला की मगच न्या.